त्रिनिदाद : डांबर-सरोवराचा देश

वेस्ट इंडीज हें नांव उच्चारलें कीं आपल्याकडील घराघरांतून प्रथम क्रिकेटची आठवण निघते. १९७१ सालच्या मार्च महिन्यांत अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय संघानें वेस्ट इंडीजला कसोटी सामन्यांत पहिल्यानें हरविलें. सुनील गावसकर यांचा तो पहिलाच कसोटी सामना, आणि मडगांवच्या दिलीप सरदेसाई यांचें एक शतकही त्याच सामन्यांतलें. हा पराक्रम जेथें घडला तें पोर्ट ऑफ स्पेन शहर म्हणजे त्रिनिदाद व टोबॅगो या देशाची राजधानी. गावसकरांवर गाणें रचून तें गाणारा कॅलिप्सो-गायकही त्याच बेटावरचा. परंतु ज्या बेटाचें मैदान आपणांस इतकें परिचित, त्या बेटावरील लोकांचा राज्यकारभार कसा चालतो, त्यांच्या ताटांत अन्न कोठून येतें, आणि रात्रीं दार लावतांना त्यांच्या मनांत काय येतें, याची चौकशी आपण क्वचितच करतों. तेथील वस्तीपैकीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक मूळचे हिंदुस्थानांतले आहेत, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे ही उदासीनता अधिकच खटकते. म्हणून आमच्या वाचकांस त्या देशाची एक फेरी घडवून आणावी, आणि फेरींत जें दिसेल तें गोड असो वा कडू, जसेंच्या तसें सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

नकाशा उघडून दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्याकडे पाहिलें म्हणजे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यास जवळजवळ चिकटलेलें एक चौकोनी बेट दिसतें, तें त्रिनिदाद. दोहोंमधील समुद्र सर्वांत अरुंद ठिकाणीं अवघा ११ किलोमीटर रुंद आहे. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. ईशान्येस टोबॅगो नांवाचें दुसरें लहान बेट आहे. दोन्ही मिळून क्षेत्रफळ सुमारें ५,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या सव्वापटीहून कांहींसें अधिक. लोकसंख्या मात्र गोव्याइतकीच, सुमारें चौदा लाख. १४९८ सालीं कोलंबसानें हें बेट पाहिलें व ख्रिस्ती धर्मांतील त्रैक्यावरून त्यास हें नांव दिलें. पुढें तीनशें वर्षें तें स्पेनच्या ताब्यांत राहिलें. वस्ती वाढावी म्हणून स्पेननें १७८३ सालीं फ्रेंच कॅथलिक मळेवाल्यांस सवलती देऊन बोलाविलें. ते आपले आफ्रिकी गुलाम घेऊन आले. १७९७ सालीं इंग्रजांनीं बेट घेतलें. यामुळें तेथील रस्त्यावरून जाणाऱ्यास गांवांचीं नांवें वाचतांनाच इतिहास कळतो : सान फर्नांडो हें स्पॅनिश, पॉइंट-आ-पियेर हें फ्रेंच, प्रिन्सेस टाउन हें इंग्रजी, आणि थोडें दक्षिणेस गेलें कीं फैजाबाद व बराकपूर!

हीं शेवटचीं नांवें तेथें कशीं पोंचलीं, तें सांगितलें पाहिजे. गुलामगिरी १८३४ सालीं कायद्यानें बंद झाली व १८३८ सालीं गुलाम खरोखर मोकळे झाले. ज्या मळ्यांत चाबकाखालीं जन्म गेला, तेथेंच थोडक्या मजुरीवर पुन्हां राबण्यास मोकळा झालेला मनुष्य अर्थातच नाखूष होता. तेव्हां मळेवाल्यांच्या सोयीसाठीं इंग्रज सरकारनें हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. ३० मे १८४५ रोजीं ‘फतेल रझाक’ हें जहाज सुमारें सव्वादोनशें हिंदी मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलें. तेव्हांपासून १९१७ पर्यंत सुमारें १,४४,००० माणसें याच मार्गानें गेलीं. त्यांतील बहुतेक आजच्या बिहारांतील व पूर्व उत्तर प्रदेशांतील होतीं. ‘ॲग्रिमेंट’ या शब्दाचें त्यांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें. पांच वर्षांच्या या करारांत मजूर मळ्याबाहेर जावयाचा तरी परवाना लागे, आणि कामांतील कसूर हा दिवाणी दावा न ठरतां फौजदारी गुन्हा ठरे. मुदत संपल्यावर कांहीं परतले. बरेचसे जमिनीचा तुकडा घेऊन तेथेंच राहिले.

या कहाणीशीं महाराष्ट्राचा संबंध माणसें पाठविण्याचा नसून तीं थांबविण्याचा आहे, हें येथें अभिमानानें नमूद करावेंसें वाटतें. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत ज्यांनीं अध्यापन केलें, त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१० सालीं नाताळकडे मजूर पाठविणें बंद करण्याचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळांत मांडला, व १९१२ च्या मार्चमध्यें ही पद्धत समूळ बंद करावी असा दुसरा ठराव आणला. दुसरा ठराव सरकारी बहुमतापुढें पडला. पण या पद्धतीचें खरें स्वरूप जगापुढें आलें तें आलेंच. पांच वर्षांनीं मजुरांचीं जहाजें थांबलीं. गोखले तें पाहण्यास राहिले नव्हते.

आज त्या मजुरांचीं नातवंडें-पणतवंडें वकील आहेत, डॉक्टर आहेत, मंत्री आहेत. भोजपुरी भाषा बोलण्यांतून जवळजवळ गेली. पण स्वयंपाकघर व नातीं यांतून ती हटली नाहीं. बापाच्या आईस तेथें अजून ‘आजी’च म्हणतात, हें ऐकून मराठी कानांस किती बरें वाटतें! पोळीला रोटी, पालेभाजीला भाजी, आणि सकाळीं रस्त्याच्या कडेस दोन मऊ वड्यांमध्यें छोले घालून मिळणारा ‘डबल्स’ हा तर सर्व जातिधर्मांच्या लोकांचा न्याहारीचा पदार्थ झाला आहे. वॉटर्लू नांवाच्या गांवीं समुद्रांत बांधलेलें एक देऊळ आहे. शिवदास साधू या साध्या मजुरानें किनाऱ्यावर ऊस-कंपनीच्या जमिनींत देऊळ बांधलें म्हणून तें पाडण्यांत आलें व त्यास तुरुंगांत जावें लागलें. सुटल्यावर त्यानें विचार केला कीं समुद्र तर कोणा कंपनीचा नाहीं. आणि पुढें पंचवीस वर्षें दगडमाती वाहून त्यानें पाण्यांत भराव घातला. ओहोटीच्या वेळीं त्या देवळाच्या वाटेवर उभें राहिलें असतां, ज्यांचें सर्वस्व गेलें त्यांनीं काय सांभाळून ठेवलें, याचें उत्तर मिळतें.

आतां या देशाच्या संपत्तीकडे वळूं. बेटाच्या नैर्ऋत्येस ला ब्रेआ येथें जगप्रसिद्ध डांबराचें सरोवर आहे. सुमारें शंभर एकरांचा हा काळा पृष्ठभाग दुरून एखाद्या ओसाड मैदानासारखा दिसतो. जवळ गेल्यावर हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या दिसतात. त्यावरून चालतां येतें, परंतु एकाच जागीं फार वेळ उभें राहूं नये, असें वाटाडे बजावतात. डांबर खणून काढलें कीं खड्डा हळूहळू आपोआप भरून येतो. १५९५ सालीं सर वॉल्टर रॅली यानें आपल्या जहाजांच्या फटी याच डांबरानें बुजविल्या. मूळच्या रहिवाशांची याविषयीं एक दंतकथा आहे. गुंजन करणारे हमिंगबर्ड पक्षी हे पूर्वजांचे आत्मे मानले जात. एका टोळीनें विजयाच्या मदांत ते मारून खाल्ले, तेव्हां देवानें भूमि दुभंगून सारें गांव काळ्या चिखलांत गडप केलें. आयत्या संपत्तीनें उन्मत्त झालेल्यांस भूमि गिळते, हा त्या कथेचा अर्थ आम्हांस या देशाच्या अर्वाचीन इतिहासाकडे पाहतांना वारंवार आठवला.

डांबराच्या शेजारीं खनिज तेल असणारच. १९०८ पासून तेथें तेलाचा धंदा व्यापारी प्रमाणावर सुरू झाला व पॉइंट-आ-पियेर येथें मोठा शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. तेलाचा नफा लंडनला जाई आणि मजुराच्या झोंपडींत अंधार राही. १९३७ च्या जूनमध्यें फैजाबादच्या तेलक्षेत्रांत ट्युबल युराया बटलर या आफ्रिकी वंशाच्या धर्मोपदेशक पुढाऱ्यास पकडावयास पोलिस गेले आणि दंगल भडकली. तींत माणसें मेलीं व संप बेटभर पसरला. त्यानंतर तेल-कामगार व ऊस-कामगार या दोहोंच्या संघटना उभारण्यांत पुढाकार घेणारा वकील हिंदी वंशाचा होता. मूळ नांव कृष्ण देवनारायण. पुढें त्यानें एड्रियन कोला रिएंझी हें नांव घेतलें. तेलांत आफ्रिकी वंशाचे मजूर अधिक, उसांत हिंदी वंशाचे. दोघांस एका चुलीवर आणण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न. राजधानीहून चागुआनासकडे जाणाऱ्या हमरस्त्यास आज बटलरचें नांव आहे. रिएंझीचें नांव मात्र तरुणांस सांगावें लागतें.

३१ ऑगस्ट १९६२ रोजीं देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याचे शिल्पकार डॉक्टर एरिक विल्यम्स हे ऑक्सफर्डचे इतिहासपंडित. गुलामगिरी व भांडवलशाही यांच्या संबंधावरील त्यांचा १९४४ चा ग्रंथ आजही वाचला जातो. पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यभागीं वुडफर्ड चौक नांवाची सावलीची बाग आहे. तेथें उभे राहून ते हजारों सामान्य लोकांपुढें इतिहास व अर्थशास्त्र यांवर व्याख्यानें देत, आणि लोक त्या बागेस ‘वुडफर्ड चौकाचें विद्यापीठ’ म्हणत. आजही त्या बागेंत उभें राहिलें असतां एका बाजूस लाल रंगाचें संसदभवन, दुसऱ्या बाजूस न्यायमंदिर व नगरभवन, आणि तिसऱ्या बाजूस जुनें ख्रिस्तमंदिर दिसतें. लोकसत्ताक राज्याचीं सर्व साधनें एका बागेभोंवतीं इतकीं सुबकपणें मांडलेलीं आम्हीं अन्यत्र पाहिलीं नाहींत.

परंतु साधनें सुबक असून भागत नाहीं. तीं चालविणाऱ्यांचीं मनें जुळावीं लागतात. २०११ च्या शिरगणतींत हिंदी वंशाचे लोक शेंकडा सुमारें ३५, आफ्रिकी वंशाचे सुमारें ३४, व मिश्र वंशाचे सुमारें २३ भरले. पारडीं इतकीं समतोल असल्यामुळें राजकीय पक्षही वंशावर उभे राहिले. विल्यम्स यांच्या पक्षाचा मुख्य आधार आफ्रिकी वंशाचा मतदार. विरोधी पक्षाचा आधार हिंदी वंशाचा, आणि त्याचे आरंभीचे नेते रुद्रनाथ कपिलदेव हे लंडन विद्यापीठांत गणित शिकविणारे विद्वान, कादंबरीकार व्ही. एस. नायपॉल यांचे ते मामा. एका गणितज्ञापुढें एक इतिहासकार! इतकी विद्वत्ता फारच थोड्या देशांच्या वांट्यास आली असेल. पण मतपेटींतून अखेर बाहेर पडे तो वंशच.

विल्यम्स १९८१ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, पंतप्रधान राहिले. १९७० सालीं आफ्रिकी तरुणांच्या असंतोषानें व सैन्यांतील बंडानें त्यांचें आसन डळमळलें; १९७३ सालीं जगांत तेलाचा भाव चौपट झाला आणि त्याच तेलानें तें सांवरलें. सरकारी तिजोरी भरून वाहूं लागली. पॉइंट लिसास येथें पोलाद, अमोनिया व मिथेनॉल यांचे कारखाने निघाले; सरकारी नोकऱ्या वाढल्या; पेट्रोल स्वस्त झालें. भाव उतरले तेव्हां मात्र सरकारास आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढें हात पसरावा लागला व सरकारी नोकरांचे पगार कापावे लागले. १९८६ सालीं आर्थर रॉबिन्सन यांच्या संयुक्त पक्षानें ३६ पैकीं ३३ जागा जिंकल्या. दोन्ही वंशांनीं एकत्र मत दिल्याचा तो दुर्मिळ प्रसंग; पण तें घर दोन वर्षांतच फुटलें.

याच रॉबिन्सन यांच्यावर पुढें जो प्रसंग आला, तो कोणत्याही देशाच्या इतिहासांत सांगण्यासारखा आहे. २७ जुलै १९९० रोजीं यासिन अबू बक्र याच्या ‘जमात अल् मुस्लिमीन’ या टोळीच्या शंभराहून अधिक सशस्त्र माणसांनीं संसदभवन व दूरचित्रवाणी-केंद्र काबीज केलें. पंतप्रधान व अनेक सभासद ओलीस पडले. सैन्यास माघारीचा हुकूम द्या म्हणून रॉबिन्सन यांच्यावर बंदूक रोखली, तेव्हां त्यांनीं पूर्ण बळानिशीं हल्ला करा असेंच सैन्यास सांगितलें. त्यांच्या पायांत गोळी घालण्यांत आली. सहा दिवसांनीं बंडखोर शरण आले. तोंवर राजधानी लुटली गेली होती व सुमारें चोवीस माणसें प्राणांस मुकलीं होतीं. ओलिसांच्या सुटकेसाठीं लिहून दिलेल्या माफीपत्राच्या आधारें बंडखोर कोर्टांतून सुटले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें १९९४ सालीं माफी अवैध ठरविली, तरी त्यांस पुन्हां पकडूं नये असेंही सांगितलें. संसदेंत बंदूक घेऊन शिरणारा शिक्षेवांचून घरीं जातो, हें गल्लींतल्या पोरांनीं पाहिलें. आमच्या मतें त्या सहा दिवसांहून त्यानंतरच्या या दृश्याचा परिणाम अधिक खोल झाला.

आणि आतां त्या विषयाकडे येतों, ज्याची चर्चा त्रिनिदादच्या प्रत्येक ओसरीवर चालते. १९९९ सालीं सबंध देशांत शंभराहून कमी खून झाले होते. २००८ सालीं हा आंकडा साडेपांचशेंच्या घरांत गेला, २०२२ सालीं सहाशें ओलांडला, आणि २०२४ सालीं सव्वासहाशेंच्या आसपास पोंचला. दर लाख वस्तीमागें हें प्रमाण चाळिसांहून अधिक पडतें. हिंदुस्थानांत तें दोन-तीनांच्या आसपास असतें. गोव्याएवढ्या वस्तींत वर्षाला सहाशें खून, अशी कल्पना वाचकांनीं क्षणभर करून पाहावी. २००५ च्या सुमारास खंडणीसाठीं माणसें पळविण्याचा धंदा इतका माजला होता कीं पुष्कळ व्यापारी कुटुंबें देश सोडून गेलीं. आज मध्यम वर्गाच्या वस्तींत बहुतेक घरांच्या खिडक्यांस, व्हरांड्यांस लोखंडी गज दिसतात. सायंकाळीं त्या गजांआड आरामखुर्ची टाकून म्हातारीं माणसें रस्ता पाहत बसलेलीं असतात; बाहेर गेलेल्या मुलानें घरीं परत येईपर्यंत दोनदां तरी निरोप पाठवावा, अशी तेथील आयांची शिस्त आहे.

हें असें कां झालें? राज्यकर्ते एकमेकांकडे बोट दाखवितात. परंतु कारणांची साखळी शांतपणें पाहिली तर तिचा पहिला दुवा भूगोलांत सांपडतो. त्या ११ किलोमीटर पाण्यावरून दक्षिण अमेरिकेंतील कोकेन उत्तरेकडे जातें. मालाबरोबर बंदुका येतात. उत्तर अमेरिकेंतूनही मालाच्या पेट्यांत लपून बंदुका येतात. राजधानीच्या पूर्वेस लॅव्हेंटिल नांवाची टेंकडी आहे. गरीब आफ्रिकी वंशाच्या लोकांची ही जुनी वस्ती; तेलाच्या रिकाम्या पिंपांतून ‘स्टीलपॅन’ हें नवें वाद्य याच भागांत घडलें. ज्या गल्ल्यांनीं जगास संगीत दिलें, त्याच गल्ल्या टोळ्यांनीं वांटून घेतल्या. पुढचा दुवा सरकारी तिजोरींत आहे. बेकारांस काम म्हणून सरकारनें रस्ते झाडण्याच्या, गटारें साफ करण्याच्या योजना काढल्या. हेतु चांगला, पण ठेके देतांना त्या त्या भागांतील दांडग्या माणसास हाताशीं धरणें पुढाऱ्यांस सोयीचें वाटलें. टोळीप्रमुख ठेकेदार झाला, व ठेक्यासाठीं ठेकेदार एकमेकांस मारूं लागले. शेवटचा दुवा न्यायाचा. बहुतेक खुनांचा छडा लागत नाहीं. साक्षीदार भितात, खटले वर्षानुवर्षें तुंबतात. २०१४ च्या मे महिन्यांत डेना सीतहल या नामांकित सरकारी वकील-बाईंचाच भर रस्त्यांत गोळ्या घालून खून झाला. मग साक्षीदारानें कोणाच्या भरंवशावर पुढें यावें?

फांशीची शिक्षा कायद्यांत आहे, लोकमतही तिला अनुकूल आहे; पण १९९९ नंतर तेथें कोणी फांशीं गेलेला नाहीं. त्या वर्षीं डोल चाडी नांवाच्या अंमली पदार्थांच्या कुप्रसिद्ध व्यापाऱ्यास आठ साथीदारांसह फांशीं देण्यांत आलें. पण पुढील पंचवीस वर्षांचे आंकडे वर दिलेच आहेत. दोर जाड केल्यानें नव्हे, तर गुन्हेगार खात्रीनें सांपडल्यानें गुन्हा कमी होतो, एवढा बोध यांतून निघतो.

सरकारनें दुसरा उपाय केला तो आणीबाणीचा. २०११ च्या ऑगस्टमध्यें संचारबंदीसह आणीबाणी पुकारण्यांत आली. खून तात्पुरते कमी झाले; पकडलेल्या तरुणांपैकीं शेंकडों पुराव्याअभावीं सुटले, आणि बंदी उठतांच सारें पूर्ववत् झालें. २०२४ च्या डिसेंबरअखेर पुन्हां आणीबाणी आली व २०२५ च्या एप्रिलपर्यंत राहिली. त्याच वर्षीं जुलैमध्यें, पक्ष बदलून दुसरें सरकार आलें असतांही, तिसऱ्यांदा तोच उपाय झाला. २०२५ सालीं खुनांची संख्या लक्षणीय उतरली ही समाधानाची गोष्ट. पण वॉरंटावांचून घरांत शिरणाऱ्या पोलिसाची ज्या प्रजेस संवय होते, ती प्रजा घराचें एक दार चोरासाठीं लावते व दुसरें राजासाठीं उघडें ठेवते. भयापायीं स्वातंत्र्य गहाण टाकावें लागणें, हाच या देशापुढील आजचा खरा पेंच आहे.

याच काळांत तिजोरीही आटत चालली. १९९९ सालीं पॉइंट फॉर्टिन येथून द्रवरूप नैसर्गिक वायूचें पहिलें जहाज निघालें, आणि तेलाची जागा वायूनें घेतली. २०१० च्या सुमारास वायूचें उत्पादन कळसास पोंचलें; त्यानंतर तें बरेंच घटलें. लक्ष्मी मित्तल यांच्या उद्योगानें १९८९ मध्यें चालवावयास घेतलेला पोलादाचा कारखाना २०१६ सालीं बंद झाला. ऊस तर त्याआधींच गेला होता : सरकारी साखर-कंपनी २००३ सालीं बंद होऊन सुमारें नऊ हजार कामगार घरीं बसले, व ज्या पिकासाठीं आपले लोक सात समुद्र ओलांडून नेले, त्याचे मळे झुडुपांनीं भरले. २०१८ सालीं पॉइंट-आ-पियेरचा जुना तेल-कारखानाही थांबला. समोरच व्हेनेझुएलाच्या समुद्रांत ‘ड्रॅगन’ नांवाचें वायुक्षेत्र आहे. त्यांतील वायु आणावयाचा तर अमेरिकेचा परवाना हवा. २०२३ सालीं तो मिळाला, २०२५ च्या एप्रिलमध्यें काढून घेण्यांत आला. २०२५ च्या सप्टेंबरपासून अमेरिकी सैन्यानें याच समुद्रांत अंमली पदार्थांच्या संशयावरून होड्या उडविण्यास आरंभ केला, व त्रिनिदाद सरकारनें त्यास पाठिंबा दिला. लहान घराचा ओटा दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या भांडणांत कसा सांपडतो, त्याचें हें उदाहरण.

ज्या एकत्र कुटुंबांत एकट्याच्या भरघोस पगारावर सारें घर चालतें, तेथें इतरांचे हात हळूहळू लुळे पडतात, हें आपण पाहतों. त्रिनिदादचें तसेंच झालें. तेल व वायु डॉलर आणीत. डॉलरांनीं धान्य, कपडे, मोटारी बाहेरून येत. मग शेत कसणार कोण? मिळविणारा हात थकला म्हणजे घरांतील भांडण कष्टाचें उरत नाहीं, भांडारघराच्या किल्लीचें होतें. राजकारणांतील वंशभेदाचें विष येथें आहे. आपला पक्ष आला तर ठेका, नोकरी, शिष्यवृत्ति आपल्याकडे. दुसरा आला तर त्यांच्याकडे, अशी समजूत दोन्ही बाजूंस पक्की आहे.

तथापि केवळ काळी बाजू सांगून थांबणें अन्यायाचें होईल. १९८६ पासून आजपर्यंत सात वेळां सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि प्रत्येक वेळीं रक्ताचा थेंब न सांडतां. १९९५ सालीं दोन्ही मुख्य पक्षांस सतरा-सतरा जागा मिळाल्या, तेव्हां ऊस-कामगारांचे पुढारी बासदेव पांडे हे टोबॅगोच्या दोन सभासदांच्या मदतीनें हिंदी वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. २००१ सालीं अठरा-अठरा अशी बरोबरी झाली. महिनोन् महिने संसदेस सभापति निवडतां येईना, तरी रस्त्यांवर कोणी शस्त्र घेतलें नाहीं. २०१० सालीं कमला प्रसाद-बिसेसर या पहिल्या स्त्री-पंतप्रधान झाल्या. २०१५ सालीं हरल्या, दहा वर्षें विरोधांत बसल्या, आणि एप्रिल २०२५ मध्यें ४१ पैकीं २६ जागा जिंकून परत आल्या. तिजोरीचा कांहीं भाग पुढील पिढीसाठीं बाजूस ठेवावा म्हणून २००७ सालीं कायद्यानें एक वारसा-निधि स्थापण्यांत आला. त्यांत पांच अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम आहे. वर्तमानपत्रें निर्भीड आहेत, आणि कार्निव्हलच्या मांडवांत उभा राहून कॅलिप्सो-गायक पंतप्रधानांची तोंडावर टर उडवितो. ही मोकळीक ज्या देशांत आहे, त्या देशाची आशा सोडतां येत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें परदेशीं आहेत. तीं आपल्या इच्छेनें, शिकून, पासपोर्ट घेऊन गेलीं. त्रिनिदादचे पूर्वज अंगठा उठवून गेले. तरी दोघांपुढील प्रश्न एकच : जेथें आपण जातों तेथें पाहुणे म्हणून किल्लीवर डोळा ठेवावयाचा, कीं घरचे म्हणून छप्पर शाकारावयाचें? रिएंझीनें दुसरें केलें. ज्यांनीं मतें केवळ आडनांवें पाहून दिलीं त्यांनीं पहिलें. आणि हें दोन्ही वंशांस सारखेंच लागू आहे.

देशाच्या राजचिन्हावर कोलंबसाचीं तीन जहाजें होतीं. २०२५ सालीं संसदेनें तीं काढून त्यांच्या जागीं स्टीलपॅन घालण्याचें ठरविलें. परक्यांच्या आगमनाची खूण गेली. टाकून दिलेल्या पिंपावर ठोके मारून गरिबांनीं काढलेल्या सुराची खूण आली. राजचिन्हावर शोभणारे ते दोन हमिंगबर्ड मात्र पूर्वीचेच आहेत. त्यांची कथा डांबर-सरोवराकांठीं सांगितली जातेच. ती संसदेंतही अधूनमधून आठवली जावी, एवढीच आमची इच्छा.